गाडीधुलाईचं यंत्र: ब्रशचं घ्यावं की टचलेस?

या वेळी गाडी धुण्याच्या स्वयंचलित यंत्रांबद्दलचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. पत्रं लांब होती, कामापुरता मजकूर ठेवला आहे.

प्रश्न: नाशिक-सिन्नर रस्त्यालगत माझी ४० बाय ८० फुटांची जागा आहे. सध्या दोन रॅम्प आणि चार मुलं यांवर वॉशिंग सेंटर चालतं. मुलं टिकत नाहीत म्हणून यंत्र घ्यायचं ठरवलं आहे. दोन कोटेशनं हातात आहेत. एकात रुळांवर पुढं-मागं सरकणारी कमान आणि तीन ब्रश आहेत. दुसऱ्यात ब्रशच नाही, वर लटकणारा एक हात गाडीभोवती फिरून पाणी मारतो. दुसरा विक्रेता म्हणतो की ब्रशचा जमाना गेला, ओरखडे येतात म्हणून गिऱ्हाईक टचलेसच मागतं. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकर. दिवसाला ३०-४० गाड्या. काय घ्यावं?

उत्तर: तुमच्या जागेसाठी फोम ब्रशचं यंत्र घ्या, आणि त्याच्या तोंडाशी एक प्रेशर गन आणि एक माणूस ठेवा. कारणं सांगतो, म्हणजे विक्रेत्याशी बोलताना उपयोगी पडतील.

गाडीवरचा मळ चार गोष्टींनी निघतो: घासणं, रसायन, पाण्याची उष्णता आणि वेळ. यातलं घासणं काढून टाकलं की त्याचा वाटा उरलेल्या तिघांना उचलावा लागतो. आपल्याकडे पाणी कोणी तापवत नाही आणि गिऱ्हाईक दहा मिनिटांच्या वर थांबत नाही. मग सगळा भार येतो रसायनावर आणि पंपाच्या दाबावर. टचलेसमध्ये ब्रशचा खर्च वाचतो, पण तोच पैसा शॅम्पूच्या कॅनमध्ये, पाण्यात आणि विजेच्या बिलात जातो.

नुसत्या दाबानं मळ का निघत नाही, हेही समजून घ्या. पाणी पत्र्यावर कितीही जोरानं आपटलं तरी पत्र्याला अगदी चिकटून असलेल्या थरात त्याचा वेग शून्याकडे जातो. चिखलाचं ढेकूळ त्या थराच्या वर डोकं काढून असतं, ते उडतं. पण डिझेलचा धूर, टायरची भुकटी आणि बारीक धूळ यांचा काही मायक्रॉन जाडीचा जो चिकट थर असतो, तो त्या संथ पाण्याखाली सुरक्षित बसतो. त्याला एक तर रसायनानं सोडवायचं, नाही तर काहीतरी टेकवून पुसायचं. म्हणून टचलेसमधून निघालेली पांढरी गाडी लांबून चकाचक दिसते आणि बॉनेटवर बोट फिरवलं की बोट काळं होतं. महामार्गावर ट्रकांच्या मागून आलेल्या गाड्यांवर हाच थर असतो, आणि तुमचं गिऱ्हाईक तेच आहे.

आता पाण्याचा हिशोब. टचलेसचा पंप साधारण ८० बार दाबाला मिनिटाला १०० लिटर पाणी देतो असं धरा. दाबाच्या दोन फेऱ्या मिळून अडीच मिनिटं चालल्या तर तिथेच २५० लिटर गेले. सुरुवातीचं भिजवणं, रसायन, वॅक्स आणि शेवटचं पाणी धरून आकडा ३०० च्या आसपास जातो. ब्रशच्या यंत्रात पाणी फक्त वंगणासारखं आणि मळ वाहून नेण्यापुरतं लागतं. मिनिटाला ३०-४० लिटरप्रमाणे तीन मिनिटं, शेवटचे ३५ लिटर आणि हाताच्या गनचे २५ लिटर धरले तरी १८० च्या आत काम होतं. पस्तीस गाड्यांना एकीकडे सुमारे १०,५०० लिटर, दुसरीकडे सुमारे ६,०००. उन्हाळ्यात हा फरक म्हणजे रोज जवळपास अर्धा टँकर.

हेच पाणी गाळून परत वापरायचं म्हटलं तरी ब्रशचं यंत्र सोयीचं. ब्रशच्या पाण्याला कमी दाबाचा पंप आणि मोठ्या भोकाचे नोझल चालतात, थोडा गाळ आला तरी ते सोसतात. उच्च दाबाच्या पंपात सिरॅमिकचे प्लंजर आणि त्यांना घट्ट बसणारे सील असतात. त्यात बारीक वाळू गेली की सील कापले जातात आणि पंप खालून ठिबकायला लागतो. म्हणून टचलेसला परत वापरायचं पाणी फार स्वच्छ गाळावं लागतं. शिवाय त्यातली आम्ल आणि अल्कली रसायनं त्या पाण्यात साचत जातात ते वेगळंच.

टचलेस कुठे बरं? शहरातल्या उच्चभ्रू वस्तीत, जिथे गाड्या आठवड्याला धुतल्या जातात आणि मळ मुळात हलका असतो. कोटिंग केलेल्या महागड्या गाड्यांना, जिथे मालक ब्रश पाहूनच गाडी मागे घेतो. आणि पेट्रोल पंपावर, जिथे माणूस ठेवायचाच नसतो आणि 'बऱ्यापैकी स्वच्छ' एवढ्यावर गिऱ्हाईक खूश असतं. तुमचं ठिकाण या तिन्हींत बसत नाही.

तरीही मन होत नसेल तर दोन्ही विक्रेत्यांकडे जाऊन प्रात्यक्षिक बघा, पण त्यांच्या गाडीवर नको. आपल्याच रस्त्यावरची दोन-तीन दिवस न धुतलेली एक पांढरी आणि एक काळी गाडी घेऊन जा. धुऊन झाल्यावर पांढरा रुमाल घ्या आणि चार जागी पुसा: डिकीच्या दारावर नंबर प्लेटच्या खाली, मागच्या चाकाच्या मागचा बंपरचा कोपरा, दारांखालचा पट्टा आणि आरशाच्या मागची बाजू. बॉनेट आणि टप कुठल्याही यंत्रात स्वच्छ होतात, ते बघून काही कळत नाही.

ब्रशचा माल कोणता तेही विचारा. जुन्या नायलॉनच्या काड्यांचे ब्रश आता गाडीला लावू नयेत. फोमच्या पट्ट्या घ्या. त्यांचे छिद्र बंद असतात, त्यामुळे पाणी आणि वाळू आत मुरत नाही आणि त्या हलक्या राहतात. कापडी पट्ट्या चमक जास्त देतात, पण ओल्या झाल्या की जड होतात आणि धूळ धरून ठेवतात. रोज नीट धुण्याची शिस्त नसेल तर नकोत.

करारात या गोष्टी लिहून घ्या: सेन्सर, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, नोझल आणि सील किटचा साठा महाराष्ट्रात कुठे आहे, सर्व्हिसचा माणूस कुठून येणार आणि किती तासांत, पीएलसीचा (यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरचा) पासवर्ड तुमच्याकडे राहणार की नाही. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात आणि मग साधी ब्रशच्या दाबाची सेटिंग बदलायलाही कंपनीचा माणूस बोलवावा लागतो. शक्य असेल तर १० टक्के रक्कम एक पावसाळा यंत्र चालल्यावर द्यायची ठेवा. विक्रेता कुरकुर करेल. करू द्या.

जागा मात्र भरपूर आहे. कमानीच्या यंत्राला साधारण १० मीटर लांब आणि साडेचार मीटर रुंद बे (गाडी धुण्याचा गाळा) लागतो, वर तीन-साडेतीन मीटर मोकळी उंची. आत घेता येणाऱ्या गाडीची कमाल उंची स्वतंत्र विचारा. इनोव्हा क्रिस्टा १,७९५ मिलिमीटर उंच आहे, पण टपावर कॅरिअर आला की ती दोन मीटरच्या वर जाते, आणि तुमच्याकडे शिर्डीच्या टुरिस्ट गाड्या येणार.

प्रश्न: पुण्यात आमचं फोम ब्रशचं यंत्र आहे. एका गिऱ्हाइकानं काळ्या गाडीवर बारीक रेषांचं जाळं दाखवलं आणि पूर्ण गाडी पॉलिश करून मागितली. रेषा आमच्या यंत्राच्या की आधीच्या, हे कसं ठरवायचं?

उत्तर: रेषांची दिशा बघा. उभा ब्रश उभ्या अक्षावर फिरतो, त्यामुळे त्याच्या पट्ट्या दारावर आडव्या घासतात. त्याचे चरे दारांवर जमिनीला समांतर, एकाच दिशेनं, शेजारी शेजारी येतात. वरच्या आडव्या ब्रशचे चरे बॉनेटवर आणि टपावर गाडीच्या लांबीच्या दिशेनं जातात. हातानं फडकं फिरवून पुसलेल्या गाडीवर चरे सगळ्या दिशांना असतात, म्हणून दिव्याखाली ते कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल दिसतात. तुमच्या गिऱ्हाइकानं 'जाळं' दाखवलं असेल तर संशय आधी फडक्यावर घ्या. ते फडकं त्याच्या सोसायटीत रोज सकाळी गाड्या पुसणाऱ्याचं असेल, किंवा तुमच्याच बाहेरच्या टोकाला उभ्या असलेल्या मुलाचं. यंत्रातून निघालेली गाडी ज्या फडक्यानं पुसतात ते जमिनीवर पडलेलं असतं, झटकून परत वापरलं जातं, आणि नाव ब्रशचं होतं. दारांसाठी वेगळं, चाकं आणि खालच्या पट्ट्यासाठी वेगळ्या रंगाचं फडकं ठेवा. जमिनीवर पडलेलं फडकं धुतल्याशिवाय हातात घ्यायचं नाही.

पण रेषा समांतर असतील तर चूक आपल्याकडे आहे. मग या क्रमानं तपासा.

पहिलं, गाडी आत जाण्याआधी वाळू निघते का. नुसतं पाणी मारून उपयोग नाही. शॅम्पूचा फेस खालून वर मारायचा, मिनिटभर थांबायचं, मग २५ अंशाच्या पंख्याच्या नोझलनं साधारण ३० सेंटिमीटरवरून वरून खाली धुवायचं. चाकांच्या कमानी आणि दारांच्या खालची कड यांवर जास्त वेळ द्यायचा. एका गाडीला दोन मिनिटं पुरतात. गर्दीच्या रविवारी नेमकी हीच दोन मिनिटं वाचवली जातात.

दुसरं, ब्रश कोरडा सुरू होतो का. ब्रशवर पाणी आणि शॅम्पू आधी पडायला हवं, फिरणं नंतर. पाण्याचा व्हॉल्व्ह उशिरा उघडत असेल किंवा ब्रशच्या पाइपातलं एखादं नोझल बंद असेल तर ब्रशचा तेवढाच पट्टा कोरडा घासतो. हे ओळखायला सोपं आहे: यंत्र रिकामं चालवा आणि ब्रशच्या पूर्ण उंचीवर पाणी सारखं पडतं का ते बघा.

तिसरं, ब्रशचा दाब. बहुतेक यंत्रं ब्रशच्या मोटरचा विद्युतप्रवाह मोजून दाब ठरवतात. ब्रश गाडीला टेकला की प्रवाह वाढतो आणि कंट्रोलर त्याला मागे घेतो. ही मर्यादा कोणीतरी 'स्वच्छ निघत नाही' म्हणून वाढवून ठेवलेली असते. फोम पट्टीच्या टोकानं पुसायला हवं. ब्रश गाडीवर इतका चेपला गेला की पट्टीचा मधला भाग टेकायला लागला तर दाब जास्त आहे. बेअरिंग जाम व्हायला लागलं तरी प्रवाहाचं गणित चुकतं, म्हणून मर्यादेला हात लावण्याआधी ब्रश हातानं फिरवून बघा, अर्थात मेन स्विच बंद करून.

चौथं, पट्ट्यांची अवस्था. जुन्या फोमच्या कडा कडक आणि गुळगुळीत होतात. बोटांनी दुमडून बघा, भेग पडली तर तो संच बदलायचाच. सकाळी पहिली गाडी घेण्याआधी आणि संध्याकाळी बंद करताना ब्रश शॅम्पूच्या पाण्यात रिकामे फिरवून घ्या. पावसाळ्यात शेतातून आलेल्या गाडीनंतर तेव्हाच्या तेव्हा.

आणि भांडण टाळायचं असेल तर आत घेण्याआधी एलईडी टॉर्चच्या उजेडात बॉनेट आणि चारही दारांचे फोटो काढा. गिऱ्हाइकासमोर काढा, म्हणजे जुने चरे त्यालाही दिसतात.

जाता जाता, दसऱ्याच्या आठवड्याबद्दल. प्रत्येक गाडीला झेंडूची माळ असते, एरवीही पुढे लिंबू-मिरची आणि मागे काळी बाहुली. फुलं चेपली जातात, त्याचं काही नाही. दोरा आणि तार मात्र ब्रशच्या दांड्याभोवती गुंडाळत बेअरिंगच्या सीलपर्यंत जाते आणि महिनाभरानं तिथून पाणी आत शिरतं. तारेचं टोक बाहेर राहिलं तर पुढच्या गाडीला तेच ओरखडतं. माळ, लिंबू-मिरची, अँटेना, सैल नंबर प्लेट, दारावरच्या चिकटवलेल्या पावसाळी पट्ट्या हे सगळं आत जाण्याआधी बघणं हे गन धरणाऱ्या मुलाचं काम आहे. माळ काढताना मालकाला विचारून काढावी, आणि ती कुठे ठेवायची तेही त्यालाच विचारावं.

प्रश्न: कुडाळला टचलेस यंत्र बसवून वर्ष झालं. उन्हाळ्यात ठीक चालतं. पावसाळा सुरू झाला की गाडी धुऊनही वर तांबूस पडदा राहतो. शॅम्पू दुप्पट केला, फरक नाही.

उत्तर: जांभ्याची माती फार बारीक असते आणि तिच्यात लोहाचे ऑक्साइड असतात. ती पत्र्यावर वाळली की दाब तिला पुरत नाही. पण शॅम्पू दुप्पट करण्याआधी तो खरंच गाडीवर पोचतोय का ते मोजायला हवं होतं. मोजायची रीत अशी.

कॅनमधली नळी काढून ५०० मिलिलिटरच्या मापाच्या उभ्या नळकांड्यात सोडा. प्रीसोकची (गाडीवर आधी मारून मुरू द्यायच्या रसायनाची) एक फेरी चालवा आणि किती रसायन खेचलं ते वाचा. फेरीत किती पाणी गेलं ते टाकीच्या पातळीवरून काढा. समजा प्रवाह मिनिटाला ८ लिटर आणि फेरी ४० सेकंदांची, म्हणजे ५.३ लिटर पाणी. रसायन ७० मिलिलिटर गेलं असेल तर प्रमाण झालं साधारण १ ला ७५. पुरवठादारानं १ ला ५० सांगितलं असेल तर तुम्ही कमी मारताय, आणि त्याचं कारण कॅनमध्ये नाही. नळीच्या तळाच्या जाळीत किंवा मोजणाऱ्या बारीक टिपमध्ये कचरा अडकला आहे. पावसाळ्यात ओल्या हातांनी कॅन बदलले जातात आणि माती आत जाते. तुम्ही शॅम्पू 'दुप्पट' केला तो बहुधा फक्त सेटिंगमध्ये.

मग पीएच पट्टी घ्या. एकाच रसायनावर तुमचं यंत्र चालत असेल तर या मातीसाठी दोन टप्प्यांवर या: आधी आम्ल, पीएच २-३ च्या आसपास, आणि मध्ये न धुता त्यावर अल्कली, ११.५ ते १२.५. पहिल्यानं खनिज मळाची पकड सुटते, दुसऱ्यानं तेलकट भाग सुटतो, आणि दोघं एकमेकांना बरंचसं उदासीन करतात. एकटी तीव्र अल्कली वाढवत नेली तर अॅल्युमिनिअमच्या पट्ट्या आणि अलॉय चाकं डागाळतात. आम्लाच्या कॅनबरोबर सुरक्षा माहितीपत्रक मागून वाचा. त्यात हायड्रोफ्लुओरिक आम्ल किंवा अमोनिअम बायफ्लुओराइड दिसलं तर तो कॅन परत करा. मळ झकास निघतो, पण काच खराब होते, आणि कातडीवर पडलं तर सुरुवातीला दुखतही नाही, आत मुरून हाडापर्यंत इजा करतं. हातमोजे न घालणाऱ्या मुलाच्या हाती असलं काही द्यायचं नाही.

रसायन मारल्यावर ३० ते ६० सेकंद थांबणं हवं, पण ते वाळता कामा नये. कोकणातल्या पावसात वाळण्याची भीती नाही. ही सूचना विदर्भातल्या वाचकांसाठी. मे महिन्यात तापलेल्या बॉनेटवर प्रीसोक वीस सेकंदांत सुकतो आणि डाग पाडतो. तिथे आधी पाणी मारून पत्रा थंड करायचा.

शेवटी दाब बघा. नोझलचं भोक झिजून क्षेत्रफळ १० टक्के वाढलं तर त्याच प्रवाहाला दाब सुमारे १७ टक्के पडतो, म्हणजे ८० चा ६६ बार. कानाला काही कळत नाही, गेजवर कळतं. वर्षभरात नोझल बदलले नसतील तर सगळे एकदम बदला, एक-एक नको, नाही तर फवारा एका बाजूला जोरात आणि दुसरीकडे मंद राहतो.

एवढं सगळं करूनही जून ते सप्टेंबर तुम्हाला एक माणूस आणि मऊ ब्रश किंवा मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) लागेल. ओल्या प्रीसोकवर खालच्या पट्ट्यांवरून आणि डिकीवरून एक हात फिरवला की पडदा जातो. मग ते टचलेस राहिलं नाही असं गिऱ्हाईक म्हणेल. त्याला आधी विचारा, बहुतेक जण हो म्हणतात.

प्रश्न: जालना. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) १,४०० आहे. गाडी वाळली की पांढरे ठिपके. सॉफ्टनर बसवला तरी ठिपके आहेतच. कंपनी म्हणते सॉफ्टनर मोठा घ्या.

उत्तर: मोठा घेऊन काही होणार नाही. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम काढतो आणि त्या जागी सोडिअम घालतो. क्षारांचं एकूण वजन जवळपास तेवढंच राहतं, म्हणून टीडीएस मीटर हलत नाही आणि ठिपकेही जात नाहीत. फायदा एवढाच की ठिपका ओल्या फडक्यानं पुसला जातो, दगडासारखा चिकटत नाही, आणि शॅम्पूला फेस चांगला येतो. तो फायदा खरा आहे, म्हणून सॉफ्टनर काढू नका.

त्याचं गणित तपासा मात्र. एक लिटर रेझिन (सॉफ्टनरमधले क्षार धरणारे बारीक मणी) साधारण ५० ग्रॅम कठीणपणा ओढतं. १०० लिटर रेझिन म्हणजे ५,००० ग्रॅम. पाण्याचा कठीणपणा ५०० पीपीएम असेल तर १०,००० लिटरनंतर मिठाच्या पाण्यानं रेझिन परत ताजं करणं, म्हणजे रीजनरेशन, हवंच, दर वेळी सुमारे १५ किलो मीठ. टायमर आठवड्यावर लावलेला असेल तर तुमचा सॉफ्टनर दुसऱ्या दिवसापासून नुसता पाइप आहे.

ठिपक्यांवर उपाय म्हणजे फक्त शेवटच्या पाण्यासाठी आरओ. गाडीला ३०-४० लिटर लागतं. ४० गाड्यांना १,२०० ते १,६०० लिटर, म्हणजे तासाला २५० लिटरचा प्लांट सहा-सात तास चालवून २,००० लिटरच्या टाकीत साठवायचं. शेवटच्या पाण्याचा टीडीएस ५० च्या खाली ठेवा. १०० च्या वर गेला की काळ्या गाडीवर ठिपका दिसायला लागतो. आरओनं फेकलेलं खारं पाणी चाकं आणि गाडीचा तळ पहिल्यांदा भिजवायला चालतं, त्यानंतर साधं पाणी त्यावर पडतंच. बसाल्टातल्या बोअरच्या पाण्यात सिलिका असतो; त्याचा ठिपका व्हिनेगरनंही जात नाही, त्यामुळे उन्हात गाडी वाळू देण्यापेक्षा ब्लोअरनं आधी उडवलेलं बरं.

प्रश्न: सांगलीत वीसएक किलोवॅट मंजूर भार आहे. कुठलं यंत्र बसेल?

उत्तर: पंपाची गरज स्वतः काढता येते: बारमधला दाब गुणिले मिनिटाचे लिटर, भागिले ६००. ८० गुणिले १०० भागिले ६०० म्हणजे १३.३ किलोवॅट, पंपाची आणि मोटरची तूट धरून साडेपंधरा-सोळा, म्हणजे वीसएक हॉर्सपॉवरची मोटर. टचलेसमध्ये गाडीला कोणी पुसत नाही म्हणून ड्रायरही दणकट लागतात: साडेपाच किलोवॅटचे चार म्हणजे २२. पंप आणि ड्रायर एकाच वेळी चालत नाहीत, तरी ड्रायर, कंप्रेसर आणि दिवे मिळून तुम्ही २० च्या वर जाताच. ब्रशच्या यंत्रात ब्रशच्या मोटरी आणि पाण्याचा पंप मिळून सहा-सातच्या आसपास, आणि ड्रायर १२ ते १६. ड्रायर चालताना बाकीचं बंद राहील असं इंटरलॉक करून घेतलं तर २० मध्ये बसतं.

महावितरणच्या लघुदाब व्यावसायिक दरात २० किलोवॅटची रेघ महत्त्वाची आहे. त्याच्या वर गेलात की महिन्याचा ठरलेला आकार जाऊन केव्हीएच्या मागणीवर (एका वेळी जास्तीत जास्त ओढलेल्या भारावर) आकार लागतो, मग यंत्र दिवसभरात कितीही थोडा वेळ चालो. टचलेससाठी जनरेटर घ्यायचा तर ४० केव्हीएच्या खाली बघू नका, आणि मोठ्या मोटरींना व्हीएफडी (मोटर हळूहळू सुरू करणारा ड्राइव्ह) मागा. संध्याकाळी व्होल्टेज ४१५ वरून ३६० पर्यंत पडत असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. कमी व्होल्टेजला मोटर जास्त प्रवाह ओढते आणि ओव्हरलोड ट्रिप होतो, आणि मुलं त्या रिलेची मर्यादा वाढवून ठेवतात. मग एक दिवस मोटर जळते.

प्रश्न: नव्या गाडीला सिरॅमिक कोटिंग केलं आहे. यंत्रात नेऊ का? (ठाणे)

उत्तर: न्या, पण विचारून. टचलेसमध्ये कोटिंगला चरे पडण्याची भीती नाही, पण तीव्र अल्कली दर आठवड्याला लागत राहिली तर पाण्याचे थेंब घरंगळण्याचा गुण लवकर कमी होतो. फोम ब्रशमध्ये शॅम्पू सौम्य असतो, पीएच ७ ते ९ चा, पण आदल्या गाडीची वाळू ब्रशमध्ये असेल तर चरे पडतात. म्हणून ब्रशच्या यंत्रात नेणार असाल तर सकाळची पहिली वेळ घ्या आणि आधी गननं धुतात का ते बघा. कोटिंग केल्यावर पहिला आठवडा कुठल्याच यंत्रात नेऊ नका. पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) लावलेल्या गाडीवर फिल्मची कड कुठे सुटलेली असेल तर टचलेसचा दाब तीच कड उचलतो, तिथे ब्रश परवडला.

प्रश्न: म्हापशाला भाड्यानं देण्याच्या १८ गाड्या आहेत. स्वतःपुरतं यंत्र घ्यावं का?

उत्तर: १८ गाड्यांसाठी दोन्ही यंत्रं जास्तीची आहेत. गाड्या बदलायच्या दिवशी फार तर दहा-बारा धुवाव्या लागणार. त्याला चांगली प्रेशर गन, फोम लान्स (गनला लावायची फेस मारणारी नळी) आणि व्हॅक्यूम पुरे. तुमचा खरा प्रश्न समुद्रकाठची वाळू आणि खारट ओल गाडीच्या तळाला बसते हा आहे, आणि वरून धुणारं कुठलंही यंत्र तिथे पोचत नाही. त्यासाठी जमिनीत बसणारी नोझलची आडवी नळी वेगळी करून घ्या: दीड मीटर लांब, वर तोंड केलेले आठ-दहा नोझल, गाडी तिच्यावरून चालण्याच्या वेगानं पुढे-मागे न्यायची. पाणी गोडं हवं. विहिरीला खारं पाणी लागत असेल तर टँकरचं घ्या, नाही तर धुताना मीठच चढेल. मागच्या चाकांच्या कमानीच्या आतली कड हातानं चाचपून बघा. वाळूचा ओला गोळा तिथेच बसलेला असतो, आणि गंजही तिथूनच सुरू होतो.